मदत हवी आहे: युरोपच्या 'होरायझन' प्रकल्पात बिनपैशाचे भागीदार व्हावे का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात क्षारपड जमिनीवर काम करणारी आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे. नदीकाठची काळी रानं, वर्षानुवर्षं ऊस आणि पाटपाणी; जमिनीतलं पाणी वर चढलं आणि त्याबरोबर क्षारही वर आले. उन्हाळ्यात सरीवर पांढरी खपली धरते, ऊस बुडख्यातच पिवळा पडतो. आम्ही शेतकरी गोळा करून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून घेतो. पण पाणी ओढ्याला लागेपर्यंत खालच्या प्रत्येक रानवाल्याचा होकार लागतो. म्हणजे निम्मं काम खोदाईचं आणि निम्मं भावकीचं!

नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाने 'होरायझन युरोप'च्या (युरोपीय संघ संशोधनाला पैसे देतो तो कार्यक्रम) प्रस्तावात सामील व्हायला विचारलंय. त्यांना आमच्या ईसीच्या (मातीत क्षार किती ते दाखवणारी विद्युतवाहकता) जुन्या नोंदी हव्यात, शिवाय दर हंगामात मातीचे नमुने, शेतकऱ्यांच्या बैठका, पाहुण्यांना शिवारफेरी. कामाच्या रकान्यात आमचं नाव पाच जागी आहे. बजेटच्या रकान्यात शून्य. पदाचं नाव 'असोसिएटेड पार्टनर', म्हणजे काम करणारा पण युरोपचे पैसे न घेणारा भागीदार.

विचारायचं असं: भारतातल्या संस्थेला पैसे मिळतच नाहीत का, की आम्हाला कोणी गंडवतंय? आणि मिळाले तर एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) आडवा येईल का? आमच्याकडे ती नोंदणी नाही.

विश्रामबागकर:
दादा, गंडवत नाहीत, नियमच तसा आहे. २०१३ पर्यंत चाललेल्या युरोपच्या सातव्या संशोधन आराखड्यात भारतीय संस्थांना थेट पैसे मिळायचे. २०१४ ला 'होरायझन २०२०' आलं आणि भारत, चीन, ब्राझील वगैरे आपोआप पैसे मिळणाऱ्या देशांच्या यादीतून वगळले. नेपाळ, बांगलादेश आजही यादीत आहेत. आपण त्या यादीतही नाही आणि कॅनडा, दक्षिण कोरियासारखे वर्गणी भरून आत आलेले सहयोगी देशही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात युरोपीय आयोगाने भारताला सहयोगी करून घेण्याची शक्यता तपासायचं म्हटलंय, पण हा कार्यक्रम २०२७ ला संपतो. त्या आशेवर आत्ताचं बजेट मांडू नका.

आपल्या सरकारने अर्धा वाटा उचलला तर मार्ग निघतो. २०१८ च्या सुमारास पाण्याच्या विषयावर तसं झालं. 'पवित्र गंगा', 'सरस्वती २.०' हे प्रकल्प त्यातलेच. २०२५ मध्ये पुन्हा मिळून सुमारे ३९१ कोटी रुपये काढले, पण विषय समुद्रातला कचरा आणि कचऱ्यापासून हायड्रोजन. सांगलीला समुद्र कुठला आणायचा? त्यामुळे तुमच्या कॉलच्या (प्रस्ताव मागवणाऱ्या सूचनेच्या) मजकुरात भारत सरकारच्या एखाद्या खात्याचं नाव आहे का, ते आधी बघा. नसेल तर तो रस्ता बंद.

दुसरा उपाय म्हणजे उपकंत्राट. नमुने, तपासणी, शिवारफेरी या सेवा तुम्ही त्यांना विकायच्या आणि बिल लावायचं. नेहमीच्या व्यवसायात दिलेल्या सेवेचा मोबदला एफसीआरएखाली 'परकीय देणगी' धरत नाहीत. अनुदान म्हणून घेतलं तर मात्र नोंदणी किंवा पूर्वपरवानगी, आणि स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं, हे सगळं आलंच. धर्मादाय संस्थेच्या नावाने बिल काढायचं तर आधी सीएला विचारा, व्यावसायिक उत्पन्नावर मर्यादा असते.

कृष्णाकाठ:
ताई, खूप आभार. संस्थेला जोडून आमची शेतकरी उत्पादक कंपनीही आहे, बिल तिच्याकडून निघेल असं वाटतं. तिकडे तसं कळवतो.

पण मग ईसीच्या नोंदींचं काय? त्या शेतकऱ्यांच्या रानातून, त्यांच्याच डिझेलवर फिरून जमवल्यात.

विश्रामबागकर:
खरी मेख तीच आहे. उपकंत्राटदार भागीदारांच्या करारावर सही करत नाही, त्यामुळे निष्कर्षांवर त्याचा हक्क आपोआप येत नाही. असोसिएटेड पार्टनर सही करू शकतो आणि आपण आधीपासून काय घेऊन आलो, ते त्यात लिहून घेऊ शकतो. मी असते तर संस्था बिनपैशाची भागीदार ठेवली असती, नोंदी तिच्या नावावर लिहून घेतल्या असत्या आणि मजुरी कंपनीच्या बिलातून. दोन्ही एकाच घरातल्या असल्याने हितसंबंधाचा प्रश्न निघेल, म्हणून प्रस्ताव जाण्यापूर्वीच त्यांना उघड सांगा. आणि नोंदी सही होईपर्यंत मेलवर पाठवू नका, नमुना म्हणून एखाद्या गट नंबरच्या चालतील.

कृष्णाकाठ:
पटलं. असा करार कोणी मराठीत समजावून वाचून दाखवू शकेल का? आमच्या संचालक मंडळात बहुतेक ऊसवाले आहेत, सही त्यांचीच लागणार. सांगली-मिरजेत कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.