मदत हवी आहे: कच्छच्या वालुकाश्मातली बिळे, थॅलसिनॉइडिस की ऑफिओमॉर्फा?

पुण्यात सगळा बेसाल्ट, त्यामुळे समुद्रतळावरच्या प्राण्यांची दगडात जपली गेलेली बिळे बघायची तर बाहेरच जावे लागते. मागच्या महिन्यात भुजजवळ ज्युरासिक वालुकाश्मात बोटभर जाडीच्या नळ्यांचे जाळे दिसले. दगड तिथेच ठेवला. माझ्याकडे पट्टी ठेवून काढलेले फोटो आणि मापे आहेत, तेव्हा कापून बघा असे कृपया सुचवू नका.

नळ्या इंग्रजी वायसारख्या फुटतात, फाट्याजवळ थोड्या फुगतात, जाडी २ ते ३ सेंटिमीटर. खाली निमुळत्या होत नाहीत, म्हणून झाडांची मुळे नसावीत. यू आकार किंवा दोन नळ्यांमधल्या कमानीसारख्या रेषा नाहीत, म्हणून रायझोकोरॅलियमही बाद केले.

अडले आहे ते भिंतीपाशी. शीर्षकातली दोन्ही नावे अशा जीवाश्म बिळांच्या प्रकारांची: भिंत गोळ्यांनी लिंपलेली असेल तर ऑफिओमॉर्फा, लिंपण नसेल तर थॅलसिनॉइडिस. मोकळ्या वाळूत बीळ ढासळू नये म्हणून कोळंबीसारखे प्राणी चिखलाच्या गोळ्या थापून भिंत लिंपतात; घट्ट गाळात त्याची गरज नसते. म्हणजे हे लिंपण त्या तळाची वाळू किती सैल होती तेच सांगते, आणि मला नेमके तेच हवे आहे. माझ्या नळ्या बहुतेक गुळगुळीत आहेत, एका जागी मात्र बारीक पुटकुळ्या दिसतात. ऑफिओमॉर्फाची भिंतही आतून गुळगुळीतच असते, म्हणून मी कदाचित आतला साचाच, म्हणजे बिळाच्या पोकळीत भरून घट्ट झालेला गाळच, बघत असेन.

झिजलेल्या नळीच्या आडव्या तोंडाच्या फोटोत लिंपणाचा थर ओळखायचा कसा?