'बाउंड फॉर ग्लोरी'ला मराठीत काय म्हणावं?

गेले तीन आठवडे वुडी गथ्रीचं 'बाउंड फॉर ग्लोरी' वाचते आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा गावी १९१२ साली जन्मलेल्या या गायकाचं हे आत्मकथन १९४३ साली आलं. आतली रेखाटनंही त्याचीच आहेत. रात्री जेवणं झाली की दिवसभरात वाचलेलं मी आईला मराठीतून सांगते, आणि सांगता सांगता शब्दांपाशी अडते. म्हणून हा धागा.

पुस्तक मालगाडीत सुरू होतं. कामाच्या शोधात निघालेली माणसं एका डब्यात दाटीवाटीनं भरली आहेत. मी 'मालगाडीचा बंद डबा, बंद डबा' म्हणत होते, तर आई म्हणाली, "अगं, वाघीण म्हण की." वडील दौंडला रेल्वेत होते, त्यामुळे तिच्या कानात हा शब्द पक्का बसलेला. इंग्रजी 'वॅगन'ची मराठी रेल्वेनं वाघीण केली आणि ती इतकी मुरली, की 'कोळशाच्या चाळीस वाघिणी' ऐकताना कुणाला जनावर आठवत नाही. हा शब्द मिळाल्यावर तो सगळा प्रसंगच सोपा झाला.

शीर्षकाशी मात्र अजून झटते आहे. 'बाउंड' म्हणजे बांधलेला, म्हणून आधी मी 'कीर्तीशी बांधलेला' असं काहीतरी करून बसले. ते साफ चूक होतं. शब्दकोश पाहिला तेव्हा कळलं की हे दोन 'बाउंड' सख्खेही नाहीत. बांधण्याचा 'बाउंड' वेगळा. हा दुसरा जुन्या नॉर्स भाषेतल्या 'तयार झालेला' अशा अर्थाच्या शब्दातून आला, आणि त्यातूनच 'अमुक ठिकाणी निघालेला' हा अर्थ रुळला. म्हणजे आपली 'पुण्याला जाणारी गाडी' असते ना, तेच. पुस्तकाचं नाव 'धिस ट्रेन' या जुन्या भक्तिगीतातून घेतलंय. पण ही गाडी कुठे जाणारी? 'ग्लोरी'ला काय म्हणू? कीर्ती, वैभव, वैकुंठ?

प्रतिसाद:

कीर्ती तर नकोच. त्या गाण्यातली 'ग्लोरी' ही जागा आहे, मेल्यावर पोचायची. गुलामगिरीतून आलेल्या काळ्या लोकांच्या भक्तिगीतांत गाडी, रथ ही नदीपलीकडे नेणारी वाहनं असतात, आणि पलीकडे म्हणजे स्वर्ग. मी मराठी ख्रिस्ती घरातला आहे. आमच्या मराठी बायबलात 'ग्लोरी'ला 'गौरव' हा शब्द रुळलेला आहे, पण तो देवाच्या तेजासाठी. गाडी 'गौरवाला' जात नाही, 'स्वर्गाला' जाते. 'वैकुंठ' कानाला गोड लागतं, तरी ते विठ्ठलाचं घर आहे. या लोकांचा देव वेगळा, तेव्हा त्यांच्या गाडीला त्यांच्याच मुक्कामाला जाऊ द्यावं. 'स्वर्गाला निघालेली गाडी' असं सरळ म्हणा.

प्रतिसाद:

पटलं. माझा मुद्दा दुसऱ्या शब्दाबद्दल आहे. गथ्रीला सगळीकडे 'लोकगायक' म्हणतात. मराठीत 'लोकगीत' म्हटलं की कर्ता हरवलेला असतो. जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या, सांगता येत नाही. गथ्रीचं तसं नाही. शब्द त्याचे, सही त्याची, तारीखसुद्धा माहीत आहे: 'धिस लँड इज युअर लँड' त्यानं २३ फेब्रुवारी १९४० ला न्यूयॉर्कमध्ये लिहिलं. लोकांची आहे ती चाल. त्या गाण्याची चाल कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबानं आधी गायलेल्या एका भक्तिगीतासारखी आहे. 'रोल ऑन, कोलंबिया' हे लेडबेली या काळ्या गायकाच्या 'गुडनाइट आयरीन'च्या चालीवर, आणि 'टॉम जोड' हे 'जॉन हार्डी' या जुन्या कथागीताच्या चालीवर.

इंग्रजीत हे समजावायला एक वाक्य लागतं. मराठीत 'च्या चालीवर' एवढं म्हटलं की झालं. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या गाण्याचं नाव छापलेलं असे, आणि त्यात कुणाला चोरी दिसली नाही. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घेतली की नवे शब्द पहिल्याच दिवशी गाता येतात. गथ्रीला हेच हवं होतं. १९४१ साली बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी वीजसंस्थेसाठी त्यानं कोलंबिया नदीवरच्या धरणांची २६ गाणी एका महिन्यात लिहिली, २६६ डॉलर ६६ सेंट पगारावर. प्रत्येक गाण्याला चालही नवी शोधायची असती तर हे जमलं नसतं.

म्हणून मी त्याला 'शाहीर' म्हणेन. नाव घेऊन गाणारा, चालू घडामोडींवर रचणारा आणि लोकांच्या बाजूनं उभा राहणारा.

प्रतिसाद:

शाहीर म्हटलं की डफ, तुणतुणं आणि मागे झील धरणारे साथीदार डोळ्यांसमोर येतात. गथ्री बहुतेक वेळा एकटा, एक गिटार आणि तोंडाशी हार्मोनिका. पण अण्णाभाऊ साठ्यांची आठवण मलाही झाली. तेही पोटासाठी गाव सोडून मुंबईला आले, गिरण्यांत राबले आणि त्याच अनुभवातून गायले. शब्दाचा साज थोडा वेगळा असला तरी काम तेच आहे. माझं मत शाहीर.

मूळ लेखिका:

मीही शाहीरच धरते. आईलाही तो शब्द लगेच पोचला.

आता 'होबो'. इंग्रजीत होबो, ट्रॅम्प आणि बम हे तिघं एक नव्हेत. होबो फिरतो आणि काम करतो. ट्रॅम्प फिरतो, पण काम टाळतो. बम फिरतही नाही आणि कामही करत नाही. होबोला 'भटक्या' म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपल्याकडे त्या शब्दामागे भटक्या-विमुक्तांचा सगळा इतिहास आहे, कायद्यानं गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमातींचा. तो या अमेरिकन मजुरांच्या अंगावर चढवला तर दोघांवरही अन्याय होतो. मी 'फिरता मजूर' म्हणते. रुक्ष आहे, पण खोटं नाही.

'ओकी'चं तर भाषांतरच होत नाही. ओक्लाहोमाचा तो ओकी, मूळ अर्थ इतकाच. कॅलिफोर्नियात पोचलेल्या गरीब शेतकऱ्यांना हिणवायला तोच शब्द वापरला जाऊ लागला. घाटावरून आलेल्या माणसाला मुंबईत 'घाटी' म्हणतात तेव्हा होतं तेच. आईला एवढंच सांगितलं आणि ती गप्प झाली. तिनं तो शब्द स्वतः ऐकलेला आहे.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या ज्या मैदानी भागात धुळीची वादळं उठली, त्या 'डस्ट बाउल'ला 'धुळीचं वाडगं' म्हणू नये. आपण 'दुष्काळी पट्टा' म्हणतो तसं 'धुळीचा पट्टा' म्हणावं. गव्हाच्या हव्यासापायी मैलोन्मैल गवताळ जमीन नांगरली, मग पाऊस हटला आणि धरून ठेवायला गवताची मुळं न उरलेली माती उडाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी धुळीचा काळा लोट आला, तेव्हा गथ्री टेक्सासातल्या पाम्पा गावी होता. लोकांना वाटलं, जगबुडी आली. त्या आठवणीवरच्या त्याच्या गाण्यात निरोपाचा शब्द आहे 'सो लाँग'. 'येतो' म्हणावं तर परत यायचं ठरल्यासारखं होतं. तुकोबांचा 'राम राम घ्यावा' मला तिथे बसतो. वर स्वर्गाबद्दल दिलेला इशारा लक्षात आहे. तरी निरोपापुरतं राम राम आपल्याकडे सगळ्यांचं आहे, असं मला वाटतं.

प्रतिसाद:

'राम राम' चालेल. शिवाय 'रूट्स म्युझिक', म्हणजे गथ्री ज्या जुन्या अमेरिकन लोकसंगीतातून आला, त्याबद्दल कुणी बोललं नाही. मी बरेच दिवस 'मातीतलं संगीत' म्हणत असे. ते सोडलं, कारण माती म्हटलं की एकच माती वाटते. इंग्रजी शब्द अनेकवचनी आहे, आणि ते बरोबर आहे. बँजो आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून घडला. अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातली कथागीतं इंग्लंड-स्कॉटलंडहून आली. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्यांच्या तबकड्यांना 'रेस' आणि गोऱ्या खेडुतांच्या तबकड्यांना 'हिलबिली' अशी वेगळी नावं दिली, तरी गाणी आणि वाद्यं इकडून तिकडे जातच राहिली. म्हणून 'अमेरिकेच्या मुळांचं संगीत'. मुळं, अनेकवचनी.

मूळ लेखिका:

'मुळांचं' घेतलं. वहीत सध्या असं लिहून ठेवलंय: 'स्वर्गाला निघालेली गाडी: शाहीर वुडी गथ्रीची आत्मकथा'. आज रात्री आईला वाचून दाखवते.