बालशिक्षणात एम.ए. करावं का?

विषय: बालशिक्षणात एम.ए. करावं का?

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी एका बालवाडीत मदतनीस आहे. पदवी वाणिज्य शाखेची. आता पूर्वप्राथमिक शिक्षणात मास्टर्स करायचं मनात आहे. घरी विरोध नाही, पण "तीन-चार वर्षांच्या मुलांना शिकवायला एम.ए. कशाला?" हे अधूनमधून ऐकावं लागतं आणि मला धड उत्तर देता येत नाही.

दोन अभ्यासक्रम पाहून ठेवलेत. एकात दोन सेमिस्टर प्रत्यक्ष वर्गात काम करायचं आहे. दुसरा पूर्ण ऑनलाइन, शेवटी प्रबंध. नोकरी सांभाळून दुसरा जमेल असं वाटतं. या वाटेने कुणी गेलं असेल तर सांगाल का?

---

विषय: उत्तर: बालशिक्षणात एम.ए. करावं का?

वयाने मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते.

फी भरण्याआधी एक काम कर. हे दोन अभ्यासक्रम दिसायला सारखे असले तरी बहुधा एकच पदवी नव्हेत. एक शिक्षक म्हणून नोंदणीसाठी असतो, दुसरा संशोधनासाठी. तुला कुठे पोचायचंय ते आधी ठरव. मग शिक्षक-नोंदणी करणाऱ्या संस्थेला लेखी विचार, ही पदवी चालेल का. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर विसंबू नकोस. माझ्या ओळखीच्या एकीने ऑनलाइन पदवी घेतली आणि नंतर तिला कळलं की वर्गातले तास भरल्याशिवाय परवाना मिळत नाही. आणखी एक वर्ष गेलं तिचं.

आता घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर. पहिल्या सेमिस्टरला आम्हाला एक साधा वाटणारा स्वाध्याय होता: एका मुलाकडे दहा मिनिटं बघायचं आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. मी लिहिलं, 'मुलगी रागावली आणि खेळ सोडून गेली.' बाईंनी 'रागावली' या शब्दाभोवती गोल केला आणि विचारलं, "राग दिसला कुठे?" मी पुन्हा आठवून लिहिलं: तिने ठोकळा खाली ठेवला, दोन पावलं मागे सरकली, मान वर केली, थांबली, मग परत येऊन दुसरा ठोकळा उचलला. लिहितानाच माझ्या लक्षात आलं, राग नव्हताच. आपला मनोरा केवढा झालाय ते पाहायला ती मागे गेली होती. आणि ती परत आली, हे मी पहिल्या नोंदीत लिहिलंच नव्हतं! आधीची कितीतरी वर्षं मी वर्गात अशाच 'रागावलेल्या' मुलांची समजूत घालत होते, त्यांचं काम अर्धवट तोडून.

एम.ए.ने मला हे बघणं शिकवलं. बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं. पियाजे आणि व्हायगॉट्स्की, मुलं कशी शिकतात याचा अभ्यास केलेले दोन मानसशास्त्रज्ञ, दोघांचाही जन्म 1896 सालचा. दोघांची नावं परीक्षेपुरती पाठ करता येतात, पण वर्गात त्यांचा उपयोग असा, की मूल अडलं असताना आपण थांबायचं की हात द्यायचा, हे ठरवताना डोक्यात काहीतरी पक्कं असतं. व्हायगॉट्स्कीचं म्हणणं, मुलाला आज कुणाच्या मदतीने जे जमतं ते उद्या एकट्याने जमेल. म्हणजे मदत तेवढ्याच बेताची हवी, ना कमी ना जास्त. हा बेत कळायला वर्षं लागतात आणि तो मार्गदर्शकाच्या नजरेखाली, खऱ्या मुलांमध्येच कळतो. म्हणून माझं मत वर्गकामाच्या अभ्यासक्रमाकडे आहे.

घरच्यांना आकडे हवे असतील तर अमेरिकेतल्या इप्सिलांटीचा पेरी प्रकल्प सांग. 1962 पासून गरीब घरांतली 123 मुलं, त्यांतल्या काहींना चांगली बालवाडी मिळाली, काहींना नाही. बुद्ध्यांकातला फरक काही वर्षांतच पुसला गेला. तेवढ्यावर थांबले असते तर बालवाडी वाया गेली असंच ठरलं असतं. पण मुलं चाळिशीला पोचेपर्यंत पाठपुरावा झाला आणि शिक्षण, कमाई, अटकेचं प्रमाण यांत बालवाडीची मुलं सरस दिसली. मुलांची संख्या लहान आहे, त्यामुळे जपून वाचायचा अभ्यास आहे. पण जपून वाचायलाही शिकावंच लागतं.

आणि ताराबाई मोडक नि अनुताई वाघ यांचं काम पुन्हा वाच. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. आमच्या वर्गात युरोपातली सगळी नावं होती, हे नव्हतं. मी प्रबंधात घातलं तेव्हा बाई दोन तास बसून ऐकत होत्या.

---

विषय: उत्तर: उत्तर: बालशिक्षणात एम.ए. करावं का?

ताईंशी सहमत. मी संशोधनाच्या बाजूचा माणूस, म्हणून प्रबंधापुरतं लिहितो.

लहान मुलांवर संशोधन करायचं तर नैतिकता समितीची परवानगी लागते आणि तिला महिने लागू शकतात. विषय पक्का होताच अर्ज करा. पालकांची लेखी संमती पुरत नाही, मुलाचा होकारही बघावा लागतो. चार वर्षांच्या मुलाने वही पाहून तोंड फिरवलं किंवा तुमच्यापासून दूर जाऊन बसलं, तर तो नकार समजायचा आणि त्या दिवशी नोंद थांबवायची. संख्याशास्त्राची धास्ती घेऊ नका. चार मुलांचा बारकाईने केलेला अभ्यासही पूर्ण प्रबंध होऊ शकतो, फक्त चार मुलांवरून सगळ्या मुलांबद्दल बोलायचं नाही.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: बालशिक्षणात एम.ए. करावं का?

ताई, दादा, मनापासून आभार. नोंदणी संस्थेला आजच लिहिलं. वर्गकामाचाच अभ्यासक्रम घ्यायचा झाला तर आठवड्यातले दोन दिवस सुटी मिळेल का, हे सोमवारी विचारते.

विषयही डोक्यात आला आहे. आमच्या वर्गात एक मुलगा तीन महिने झाले एक शब्द बोललेला नाही. घरी वेगळी भाषा आहे, आणि तिथे तो अखंड बोलतो असं आई सांगते. वर्गात मात्र 'याचं बोलणं मागे पडलंय' असं ठरत चाललंय. मला ते पटत नाही, पण कशाच्या आधारावर म्हणू?

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: बालशिक्षणात एम.ए. करावं का?

नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने, गप्प राहून ऐकतात. आणि दोन भाषांतल्या मुलाचा शब्दसंग्रह एकाच भाषेत मोजला तर तो कमीच भरणार. दोन्हींत मिळून त्याला किती गोष्टींची नावं येतात, ते बघायला हवं. आईला आठवडाभर त्याचे घरचे शब्द लिहून ठेवायला सांग. त्याची ऐकण्याची तपासणी झाली आहे का, तेही विचार. घरच्या भाषेतही बोलणं कमी असेल तर मात्र वाट न बघता तज्ज्ञाकडे न्यावं.

तुझ्याकडूनही एक हवं. उद्या दहा मिनिटं त्याच्याकडे बघ. तो बोलत नाही हे लिहू नकोस, ते माहीत आहे. दुसरं मूल बोलताना तो कुठे बघतो, गाण्याच्या वेळी ओठ हलतात का, सूचना दिल्यावर कुणाचं पाहून उठतो की आपणहून, ते लिही. नोंद मला पाठव, मुलाचं नाव काढून.