टोडस्टूल लेदर कोरल (प्रवाळ) नऊ दिवस मिटलेलंच आहे, काय करू?

खाडीकाठचा, डोंबिवली

नमस्कार मंडळी. माझा खाऱ्या पाण्याचा दोन फुटी टँक आहे, दगड-वाळू वजा जाता शंभरेक लिटर पाणी. सात महिने झाले. दोन क्लाउनफिश आहेत. फेब्रुवारीत एक टोडस्टूल लेदर, चार मशरूम कोरल आणि झोआंचा (झुपक्याने वाढणारी छोटी कोरलं) छोटा तुकडा आणला. महिनाभर सगळं इतकं छान फुललं होतं की बायको चहा घेऊन टँकसमोरच बसायची. एप्रिल लागला आणि बिनसलं. टोडस्टूल नऊ दिवस मिटलंय, एकही पॉलिप (कोरलचं फुलासारखं तोंड) बाहेर नाही, वर मेणचट चकाकी आलीय. मशरूम आक्रसलेत, झोआ अर्धवट उघडतात.

तापमान २८, सॅलिनिटी म्हणजे खारटपणा १.०२५ (काट्याच्या हायड्रोमीटरवर), नायट्रेट ५, केएच (क्षारता) ८. उकाड्यामुळे टँकवर पंखा लावलाय. रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं, ते मी त्याच दिवशी भरतो.

दुकानात सांगितलं की मेणचट थर ब्रशने घासून काढा. मागच्या एका दगडावर तपकिरी पॅलिथोआ (झोआंचेच भाऊबंद) माजलेत, तो दगड उकळून घ्या असंही सांगितलं. करू का? आणि मे महिन्यात मालवणला जातोय, तिथून एखादा जिवंत खडक (सूक्ष्मजीव वसलेला समुद्रातला दगड) आणता येईल का?

पुणेरी_रीफ

दादा, बाकीचं नंतर बोलू. तो दगड उकळू नका. अजिबात नको. पॅलिथोआ आणि काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर घरभर पसरतं. २०१८ मध्ये इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये टँकमधला कोरल साफ करताना अख्खं कुटुंब हॉस्पिटलात गेलं होतं. गरम पाणी नको, कोरडा ब्रश नको, ड्रिल नको. हात घालायचा तर हातमोजे आणि चष्मा, आणि बोटाला चीर असेल तर त्या दिवशी हातच घालायचा नाही. घरात लहान मूल असेल तर हे दहादा वाचा.

ठाण्याची_ताई

वरच्या उत्तराशी शंभर टक्के सहमत. आता मला एकच सांगा. उडालेल्या पाण्याच्या जागी तुम्ही नेमकं काय भरता? साधं आरओचं पाणी की मीठ कालवलेलं?

खाडीकाठचा, डोंबिवली

मीठ कालवलेलं, ताई. पाणी बदलायला जे करून ठेवतो तेच. खाऱ्या टँकमध्ये गोडं पाणी कसं घालायचं, असं वाटलं.

ठाण्याची_ताई

तिथेच घोटाळा आहे. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. पंखा लागल्यापासून तुम्ही रोज दीड-दोन लिटर खारं पाणी वर घालताय, म्हणजे रोज पन्नास ते सत्तर ग्रॅम मीठ जास्तीचं. हायड्रोमीटर १.०२५ दाखवतोय त्यावर विश्वास ठेवू नका. काट्यावर क्षार बसला की काटा जड होतो आणि आकडा कमी दाखवतो. कोणाकडून तरी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून खारटपणा मोजणारं यंत्र) आणा, आधी ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या, मग मोजा.

जास्त निघाली तर घाबरून एका दिवसात खाली आणू नका. टँकमधलं तीन लिटर काढायचं आणि तीन लिटर साधं आरओ घालायचं, की आकडा साधारण ०.००१ ने उतरतो. दिवसाला तेवढंच. १.०२५ वर आलं की थांबायचं. त्यानंतर उडालेलं पाणी कायम साध्या आरओनेच भरायचं. टँकच्या काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज त्या रेघेपर्यंत भरा. माझ्या टँकवर ती रेघ नऊ वर्षं आहे.

आता मेणचट थर. टोडस्टूल अधूनमधून कात टाकतं. सहा-सात दिवस, कधी दोन आठवडे मिटून राहतं, वर चकचकीत पापुद्रा येतो आणि एक दिवस तो सुटतो. हाताला लागलेलं फेविकॉल वाळल्यावर सोलून निघतं ना, तसा. ब्रश लावू नका. माझं पहिलं टोडस्टूल मी असंच घासलं होतं. घासलं तिथे जखम झाली, ती काळी पडली आणि पंधरा दिवसांत ते विरघळलं. अजून वाईट वाटतं. तुम्ही फक्त वेव्हमेकर (टँकमधलं पाणी ढवळणारा पंप) थोडा वळवून त्याच्या डोक्यावरून पाणी हलकं वाहू द्या, पापुद्रा आपोआप जाईल. आणि फिल्टरमध्ये कार्बनची पिशवी टाका, दर तीन आठवड्यांनी बदला. लेदर कोरल पाण्यात रसायनं सोडतं, शेजारी कोमेजतात. तुमचे झोआ त्यामुळेही अर्धवट उघडत असतील.

नायट्रेट ५ आहे तेच राहू द्या, शून्यावर आणायच्या नादी लागू नका. ही मंडळी थोड्या खतावळ पाण्यात खूश असतात. जागाही बदलू नका. उचलून ठेवलं की पुन्हा आठवडाभर रुसतं.

तापमान २८ चालेल, २९ च्या वर जाऊ देऊ नका. पुण्यात पंख्याने चांगलं उतरतं, आपल्याकडे हवेतच ओल इतकी की पंखा फार काही करत नाही. दुपारी टँकचे दिवे बंद ठेवा आणि संध्याकाळी लावा, तेवढाही फरक पडतो.

रापणकर

मालवणचं उत्तर मी देतो, गाव तिकडेच आहे. आणू नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि खडक बांधणारे प्रवाळ आणि समुद्रपंखे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. स्नॉर्कलिंग करा, डोळे भरून बघा. आमचे लोक त्या पाण्यावरच पोट भरतात.

खाडीकाठचा, डोंबिवली

मंडळी, आज अठरावा दिवस. ऑफिसातल्या एकाचा रिफ्रॅक्टोमीटर आणला. सॅलिनिटी १.०३१ निघाली. रोज तीन लिटर बदलत सहा दिवसांत १.०२५ वर आणली, काचेवर रेघही मारली. पॅलिथोआचा दगड तसाच टँकमध्ये ठेवलाय, हातमोजे आणलेत.

परवा सकाळी टोडस्टूलच्या कडेला पापुद्रा सुटून लोंबत होता. रात्री तो फिल्टरच्या जाळीला अडकलेला सापडला, कांद्याच्या सालीसारखा. आज दिवे लागल्यावर मधोमध सात-आठ पॉलिप बाहेर आलेत, भाताच्या शितापेक्षाही बारीक. ताई, कडेचे अजून मिटलेलेच आहेत. थांबतो.