मुळातच बारीक केस, आता भांग रुंद व्हायलाय. पाणी बदलू, तेल बदलू की आणखी काही?

सोनपेठकर

नमस्कार ताईंनो. वय ३६, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोन लेकरं, धाकटं सात वर्षांचं. माझे केस लहानपणापासून बारीक. आईच्या एका वेणीत माझ्या तीन वेण्या बसतील. गॅदरिंगला नाचात घ्यायचं तर मला गंगावन लावावंच लागायचं. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण केस बारीक असले तरी विरळ नव्हते.

आता विरळ व्हायलेत. कसं कळलं ते सांगते. आमच्या घरी फणीतला गुंतवळ कुणी फेकत नाही. न्हाणीच्या खिडकीत एक पिशवी असते, तिच्यात टाकायचा. केसावर भांडी देणारी बाई दिवाळीनंतर येते आणि वर्षभराच्या गुंतवळावर एखादी वाटी देऊन जाते. यंदा ती येऊन गेली आणि संक्रांतीच्या आतच पिशवी पुन्हा भरली. सासूबाई म्हणाल्या, "या बारीला पातेलंच येतंय की." त्या सहज बोलल्या. मी मात्र रात्री सगळे झोपल्यावर पिशवी उघडून बघितली. लांब, अख्खे केस, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका.

त्याआधी वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, माहेरी रेणापूरला गेले होते. कोपीपुढं उन्हात जेवायला बसलो होतो. भावजय वाढता वाढता थांबली आणि हळूच म्हणाली, "अक्का, टाळू दिसायलीय."

आतापर्यंत एरंडेल तेल रात्रभर लावून झालं, कांद्याचा रस झाला, पार्लरमधून साडेतीन हजारांचा शांपू-सीरमचा संच आणला, बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू आहेत. आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, इतकं जड की तुरीची डाळ लवकर शिजत नाही. सगळे म्हणतात पाण्यामुळंच. भादव्यात महालक्ष्म्यांच्या आठवड्यात मला डेंगी झाला होता, आठ दिवस ताप होता, पण ते कधीच बरं झालं.

फळ्याकडं वळले की सगळ्या वर्गाची नजर माझ्या टाळूवर आहे असं वाटतं. पदर घेऊन शिकवायलेय. कुणाला यातलं माहीत असेल तर खरं सांगा.

देगलूरची धाकटी

ताई, मला बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असंच झालं होतं. उशीवर, बाळाच्या मुठीत, भाकरीच्या पिठात, सगळीकडं केस. लेक वर्षाची होईपर्यंत आपोआप भरून आले. कांद्याचा रस मात्र बंद करा. मला त्यानं डोक्यात पुरळ उठलं आणि खाजवून खाजवून आणखी केस गेले.

लातूरची अक्का

बाई, तुझी पिशवी वाचली आणि पोटात कालवलं. हे मी नऊ वर्षांपूर्वी भोगलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू पांढरा ठिपका नीट बघितलास हे फार बरं केलंस. केस मधूनच तुटला तर त्याला ठिपका नसतो. ठिपका आहे म्हणजे केस आपली मुदत संपवून सुटलाय. घाबरू नको, तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे, केसाचं खालचं बोंड आहे. नवा केस जिथून येतो ती जागा डोक्यातच राहते. जड पाण्यानं केस राठ होतो, गुंततो, तुटतो. पण बोंडासकट सुटणारा केस पाण्यानं सुटत नाही. एवढी एक गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा. आमच्या गल्लीत त्याच्या आधीपासून विकतचा टँकर आणि बोअरचं खारं पाणी. बादलीला पांढरा थर धरायचा, साबणाचा फेस व्हायचा नाही. त्यातच माझे केस जायले. मी सगळा दोष पाण्याला दिला, शेजारणीही तेच म्हणायच्या. प्यायच्या घागरीतले दोन तांबे शेवटी डोक्यावर घ्यायची. त्या टंचाईत ते पाणी ओतताना हात कापायचा. मग पाऊस झाला, मांजरा धरणात पाणी आलं, नळ सुटला. भांग मात्र होता तेवढाच रुंद राहिला.

२०१८ ला थोरल्या लेकीनं धरून सरकारी दवाखान्याच्या त्वचा विभागात नेलं. तिथल्या मॅडमनी तेलाचं नाव विचारलंच नाही. आधी पाळीचं विचारलं. माझी पाळी दोन वर्षांपासून दहा-दहा दिवस चालायची आणि मी ते वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन ९ निघालं. फेरिटिन म्हणजे अंगातली लोहाची शिल्लक. त्यांनी समजावून सांगितलं की शिल्लक संपत आली की शरीर आधी जीव जगवायला लागतं तिथं लोह देतं, केसांचा नंबर शेवटी येतो.

मग त्यांनी भांग बघितला. बायकांची कपाळावरची केसांची रेघ सहसा जागेवरच राहते आणि भांगापासून दोन्ही बाजूंना केस विरळ होत जातात. माझ्या मावशीचं तसंच होतं. म्हणजे माझ्यात दोन्ही कारणं होती. लोहाचं भरून निघालं, आनुवंशिक होतं त्याला औषध लागलं.

ते औषध मिनॉक्सिडिल. ते मनानं आणून लावू नको. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना ते चालत नाही. डोकं कोरडं असताना कातडीला लावायचं, केसांना नव्हे. झोपायच्या दोन तास आधी लावायचं, नाहीतर उशीवरून गालाला लागतं आणि तिथं लव येते. पहिल्या दीड महिन्यात गळणं आणखी वाढलं. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं नसतं तर मी बाटली फेकून दिली असती. पाचव्या महिन्यात एका सकाळी खिडकीशी आरसा धरला, तर भांगाच्या कडेनं उभे उभे बोटाच्या पेराएवढे केस. ज्वारी उगवल्यावर पहिल्यांदा फक्त तिरप्या उन्हात दिसते, तसे. केस पहिल्यासारखे झाले नाहीत, ते खरं. पण आता चारचौघींत पदर घ्यावा लागत नाही. औषध सोडलं की आलेलं जातं, म्हणून अजून चालू आहे.

आता तुझं. तू डेंगीचं एका ओळीत लिहून सोडून दिलंस, मला तीच ओळ महत्त्वाची वाटते. डोक्यावरचे बहुतेक केस वाढत असतात, थोडे विश्रांतीत असतात. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण असं काही झालं की वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र सुटतात. महालक्ष्म्यांपासून वेळ अमावस्येपर्यंतचे महिने बोटावर मोज. नुसतं तापाचं असेल तर साधारण सहा महिन्यांत गळणं आवरतं, पण भरून दिसायला आणखी वेळ लागतो. फक्त भांग आधीपासूनच रुंद व्हायला लागला होता का ते बघ. दोन-तीन वर्षांपूर्वीचे लग्नकार्यातले फोटो काढ, डोक्याच्या वरून दिसणारे. तापानं गळणं आणि आनुवंशिक विरळ होणं, हे दोन प्रकार वेगळे आहेत आणि दुसऱ्यात उशीर केला तर नुकसान होतं.

तोपर्यंत एरंडेल बंद कर. ते इतकं चिकट असतं की काढायला दोनदा घासावं लागतं, आणि बारीक केस ओले असताना घासले की तुटतात. तेल लावायचंच तर न्हायच्या तासभर आधी, थोडं खोबरेल, मानेखालच्या केसांना. अंगाचा साबण डोक्याला लावत असशील तर तो सोड. जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो, साध्या शांपूचा तसा बसत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा बिनधास्त न्हा. आठवडाभर थांबून न्हाल्यावर जो मोठा पुंजका येतो तो न्हाण्यानं आलेला नसतो, सात दिवसांचे सुटलेले केस एकदम येतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस निरोगी डोक्यातूनही जातात. ओल्या केसांत फणी घालू नको, बुचडा ताणून बांधू नको.

अळिवाचे लाडू, कारळाची चटणी, लोखंडी कढईतली पालेभाजी, सगळं खा. मीही खाते. पण फेरिटिन ९ असताना नुसत्या लाडवानं भरून येत नाही, तिथं गोळीच लागते. तुला परळीमार्गे अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडेल. एक रजा टाक आणि जा.

रक्त काढणारी, संभाजीनगर

मी लॅबमध्ये काम करते. तुम्ही बायोटिन घेताय हे वाचलं म्हणून लिहिते. रक्त द्यायच्या आधी ते बंद करा आणि किती दिवस आधी करायचं ते डॉक्टरांना विचारून घ्या. मोठ्या डोसच्या बायोटिनमुळे थायरॉइडसह काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. इथं अनेकजणी केसांसाठी बायोटिन घेतात आणि केसांसाठीच थायरॉइड तपासायला येतात, पण गोळीचं सांगत नाहीत. कारण कुणी विचारतच नाही.

दुसरं, "हिमोग्लोबिन चांगलं आहे, मग लोह कशाला तपासू?" हे माझ्या टेबलासमोर रोज ऐकते. हिमोग्लोबिन १२ च्या वर आणि फेरिटिन १० च्या आत, असे रिपोर्ट माझ्या हातून जातात. ताप किंवा अंगात सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून धडधाकट असताना रक्त द्या. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टर बहुधा सोबत सांगतील. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही न लाजता सांगा, मग तपासण्या वेगळ्या लागतात. लोहाची गोळी मात्र रिपोर्टशिवाय सुरू करू नका.

सोनपेठकर

तीन आठवड्यांनी लिहायलेय. अंबाजोगाईला जाऊन आले. अक्का, तुम्ही सांगितलेले फोटो मोबाइलमध्ये घेऊनच गेले होते. तीन वर्षांपूर्वीच्या नणंदेच्या लग्नात मी खाली बसून रुखवत मांडायलेय, वरून काढलेला फोटो, भांग अगदी दोऱ्यासारखा. डॉक्टरांनी तो मोठा करून बघितला. मग माझे साठेक केस चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळू ओढले. नऊ हातात आले. त्यांनी ते भिंगाखाली धरून मलाही दाखवले, सगळ्यांना तोच पांढरा ठिपका.

हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ११, थायरॉइड व्यवस्थित. बायोटिन डॉक्टरांना विचारून आधीच थांबवलं होतं. ते म्हणाले की तापामुळं सुटलेत आणि लोह कमी असल्यामुळं आवरायला वेळ लागायलाय. लोहाची गोळी दिलीय, मिनॉक्सिडिल आत्ता नको म्हणाले. तीन महिन्यांनी भांगाचा फोटो घेऊन पुन्हा बोलावलंय. पार्लरच्या संचाचं विचारलं तर म्हणाले, शांपू म्हणून संपवा, पुन्हा घेऊ नका.

केस खांद्यापर्यंत खालून सरळ एका रेघेत कापले. टोकं विरविरीत दिसायची ती आता भरीव दिसतात आणि गुंताही कमी होतो. खिडकीतली पिशवी सासूबाईंनी उचलून आपल्या कपाटात ठेवली. म्हणाल्या, "तू रोज उघडून बघू नकोस, किती भरते ते मी सांगते."

एकच विचारायचंय. गोळीनं मळमळायलंय आणि संडासला काळी होते. बंद करू का?

रक्त काढणारी, संभाजीनगर

बंद करू नका. लोहाच्या गोळीनं संडास गडद होते, ते नेहमीचं आहे. डांबरासारखी चिकट झाली किंवा पोट दुखलं तर मात्र लगेच दाखवा. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या आणि सोबत लिंबू पिळलेलं पाणी प्या. चहा आणि दूध गोळीपासून दोन तास लांब ठेवा. शाळेच्या मधल्या सुटीतला चहा असेल तर गोळी रात्री घ्या. तरीही जमलं नाही तर डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी बदलून देतात.