शिरोरेषा काढून टाकताय? आधी ‘घ’ बघा

पदवी-प्रदर्शनाच्या लोगोत पदवीची टोपी आणि कुंचला नको, प्रदर्शनाचं नाव ‘निघालो’ हाच लोगो करू आणि त्याची शिरोरेषा काढून टाकू, असं तुम्ही म्हणताय. नावाचं पटलं. ती टोपी दादरच्या प्रत्येक क्लासच्या पाटीवर असतेच.

पण शिरोरेषा सरसकट काढून टाकू नका. ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे ओळखू येतात ते बरेचसे वरच्या रेषेमुळे. ती गेली की लोक ‘निधालो’ वाचतील. ‘भ’ आणि ‘म’चंही तसंच. तोडायचीच तर ‘लो’वर तोडा, रेषा पुढे निघून गेल्यासारखी दिसेल. आणि तीच सुटलेली रेषा दालनातल्या बाणांना, नावपट्ट्यांना, ओळखपत्रांना वापरा. ओळख त्यातून तयार होते, एकट्या लोगोतून नाही.

बाकी मजकुराला फाँट बनवणाऱ्या मुंबईच्याच ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे फाँट घ्या, दोन्ही मोफत आहेत. रंगाचं मात्र सांभाळा. आमच्या वर्षी स्क्रीनवर झळाळणारा पोपटी फ्लेक्सवर शेवाळी उतरला, उद्घाटनाच्या आदल्या रात्री! ज्यावर छापणार त्याचाच एक तुकडा आधी छापून घ्या. आणि लोगो एकदा काळ्यापांढऱ्यात, नखाएवढा करून बघाच.