गेम मस्त चालतो पण रेकॉर्डिंग अडकत अडकत येतं, काय करू?

वऱ्हाडी_गेमर:
नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले या एकाच गोष्टीमागे लागलोय, आता तुम्हीच काहीतरी सांगा. लॅपटॉप आय५ ९३००एच, जीटीएक्स १६५० ४ जीबी, रॅम ८ जीबी, विंडोज एसएसडीवर आणि गेम १ टीबी हार्डडिस्कवर. जीटीए ५ खेळतो आणि त्यावर मराठीत कॉमेंट्री करून व्हिडिओ टाकायचेत. खेळताना काहीच त्रास नाही, ७५-८० एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) येतात, पण ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने रेकॉर्ड केलेली फाईल उघडली की गाडी धक्के खात जाते, आवाज एकदम नीट आणि चित्र मात्र दर दोन सेकंदाला थांबतं. आधी एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाईल बनवणारा) सीपीयूवर चालणारा एक्स२६४ होता, कुठल्यातरी व्हिडिओत बघून ग्राफिक्स कार्डावरचा एनव्हेंक केला, बिटरेट (सेकंदाला किती डेटा) ६००० केबीपीएस वरून ४०००० केला मग परत १५००० केला, डिस्प्ले कॅप्चर (पूर्ण स्क्रीन उचलणारं) लावलंय, १०८०पी ६०. मित्र म्हणतो कॅप्चर कार्डच (बाहेरून चित्र घेऊन रेकॉर्ड करायचं उपकरण) घे. घरी आत्ता पैसे मागायचे नाहीयेत मला, म्हणून आधी इथे विचारतोय.

रात्रपाळी:
७२०पी ३० कर भावा, लगेच फरक पडेल. माझ्या जुन्या पीसीवर तसंच केलं होतं.

एडिटर_काका:
७२०पी ने भार कमी होतो हे बरोबर आहे, १०८०पीच्या निम्म्याहून कमी पिक्सेल असतात, पण जीटीएक्स १६५० ला इतकं खाली यायची गरज नसावी. आणि कॅप्चर कार्ड तर मुळीच घेऊ नकोस. ते दुसरा पीसी असेल तर कामाचं. त्याच लॅपटॉपला लावलंस तर ओबीएसचं काम तेवढंच राहतं, फक्त पैसे गेले.

आता जरा थांब आणि सेटिंग बदलणं बंद कर. तू बिटरेट, एन्कोडर सगळं बदललंस पण लॅग कुठला आहे ते बघितलंच नाहीस. ओबीएसमध्ये वर डॉक्स मेनूत स्टॅट्स आहे ते उघड. तिथे दोन ओळी बघायच्या, एक रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम्स आणि दुसरी एन्कोडिंग लॅगमुळे गळलेल्या फ्रेम्स. दोन्हीला लोक 'लॅग' म्हणतात पण दोन वेगळे आजार आहेत आणि औषधही वेगळं. एन्कोडिंग लॅग म्हणजे तयार झालेलं चित्र दाबून फाईलमध्ये टाकायला वेळ पुरत नाही, तिथे एन्कोडर बदलून किंवा प्रीसेट (एन्कोडरची तयार सेटिंग) हलका करून फरक पडतो. रेंडरिंग लॅग म्हणजे चित्र तयारच होत नाहीये, जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला, ओबीएससाठी फुरसत नाही. पाच मिनिटं खेळ, रेकॉर्ड कर आणि दोन्ही आकडे इथे टाक. जीपीयू किती टक्के चालतोय तेही बघ.

वऱ्हाडी_गेमर:
काका लगेच केलं. १८००० फ्रेम्सपैकी रेंडरिंग लॅग ३९०० दाखवतंय!! एन्कोडिंगवाल्या ओळीत फक्त १२. जीपीयू पूर्ण वेळ ९९ टक्के.

एडिटर_काका:
सापडलं मग. म्हणजे एनव्हेंक केलंस ते बरोबरच होतं आणि बिटरेटचा या अडकण्याशी काही संबंध नव्हता.

काय होतं बघ, ६० एफपीएसचं रेकॉर्डिंग म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला ओबीएसला एक फ्रेम तयार करायची असते, आणि ती फ्रेम जुळवायला, स्केल करायला तोच जीपीयू लागतो ज्यावर गेम चालतोय. एनव्हेंक हा जीपीयूमधलाच वेगळा भाग असतो पण त्याच्यापर्यंत चित्र पोचायच्या आधीचं हे काम जीपीयूच्या मुख्य भागावरच होतं. गेमला मोकळं सोडलं की तो सगळा जीपीयू खातो, ७५-८० एफपीएस काढतो आणि ओबीएसच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून तुला स्क्रीनवर छान दिसतं आणि फाईलमध्ये पाचातली एक फ्रेम गायब. कित्येक पोरं इथेच नवीन ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागतात, मला खरंच वाईट वाटतं.

गेमला लगाम घाल. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅक्स फ्रेम रेट असतो तो ६० कर. मग गेममध्ये एमएसएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद आणि ग्रास क्वालिटी एक-दोन पायऱ्या खाली, जीटीए ५ मध्ये गावाबाहेर गेलं की हे गवत जीपीयूचा जीव काढतं. जीपीयू ८५ च्या आसपास आला पाहिजे. ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड, तसं उघडलं की विंडोज १० मध्ये त्याला जीपीयूवर अग्रक्रम मिळतो, ही सोय मुद्दाम याच रोगासाठी आहे. आणि डिस्प्ले कॅप्चर काढून गेम कॅप्चर (फक्त गेमचं चित्र उचलणारं) लाव. पण एकेक बदल कर, दोन मिनिटं रेकॉर्ड कर, आकडे बघ, मगच पुढचा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

वऱ्हाडी_गेमर:
गेम कॅप्चर लावलं तर काळी स्क्रीन येतेय, म्हणूनच मी आधी डिस्प्ले कॅप्चर ठेवलं होतं

मिड_लेन_पुणेकर:
हे मी सांगतो, माझंही हेच झालेलं. अशा लॅपटॉपमध्ये बहुतेक दोन जीपीयू असतात, इंटेलचा आणि एनव्हिडियाचा. गेम एनव्हिडियावर आणि ओबीएस इंटेलवर चालत असेल तर गेम कॅप्चरला काही दिसतच नाही. विंडोज सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, खाली ग्राफिक्स, तिथे ओबीएस ॲड करून हाय परफॉर्मन्स कर आणि ओबीएस पूर्ण बंद करून परत उघड. आणि विंडोजच्या गेम बारचं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग चालू असेल तर ते बंद कर, नाहीतर एकाच वेळी दोन दोन रेकॉर्डिंग चालू राहतात आणि आपल्याला पत्ताच नसतो.

वऱ्हाडी_गेमर:
काळी स्क्रीन गेली! आणि काका, ६० वर बांधल्यावरच लॅग ३९०० वरून ४०० वर आला, मग एमएसएए काढलं, ॲडमिनने उघडलं, आता दोन मिनिटांच्या ७२०० फ्रेम्समध्ये फक्त ९ चुकल्या. व्हिडिओ इतका सरळ चाललाय की मी दोनदा बघितला.

पण एक अडचण राहिलीच. अर्धा तास खेळलो की परत अडकायला लागतं, आणि तेव्हा गेमसुद्धा अडकतो.

एडिटर_काका:
गेमसुद्धा अडकतो म्हणालास म्हणजे आता ओबीएसचा प्रश्न नाही. लॅपटॉप कुठे ठेवून खेळतोस? सीपीयूचं तापमान बघ.

वऱ्हाडी_गेमर:
गादीवर ठेवतो काका. आत्ता बघितलं, ९६ डिग्री. आमच्याकडे अकोल्याला मे महिना आहे, खोलीच तापलेली असते दुपारी.

एडिटर_काका:
मग झालं. त्या सीपीयूची मर्यादा १०० डिग्री आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. गादीवर खालची जाळी बंद होते. टेबलावर ठेव, मागच्या बाजूला दोन वह्या लाव म्हणजे हवा खेळेल, आणि दोन-तीन वर्षांत उघडला नसेल तर पंख्यातली धूळ दुकानातून साफ करून घे. दुपारऐवजी पहाटे नाहीतर रात्री रेकॉर्ड कर, आवाजही स्वच्छ मिळेल, कुलर बंद ठेवता येतो.

आणि फाईल एसएसडीवर रेकॉर्ड होऊ दे, नंतर हार्डडिस्कवर हलव. ४०००० बिटरेट म्हणजे सेकंदाला ५ एमबी, तासाला १८ जीबी, लिहायला हार्डडिस्कला जड नाही, पण त्याच डिस्कवरून गेम शहराचे तुकडे उचलत असतो म्हणून दोघांची ओढाताण होते. बिटरेटऐवजी सीक्यूपी (ठराविक क्वालिटी राखणारी पद्धत) ठेव, २० ते २३ च्या मध्ये, आकडा कमी केलास तर क्वालिटी वाढते आणि फाईल फुगते.

रात्रपाळी:
माझंही एक ऐका, एमपी४ मध्ये रेकॉर्ड करू नकोस. माझा डेस्कटॉप आहे, दीड तास रेकॉर्डिंग झालं आणि लाईट गेली, फाईल उघडलीच नाही, सगळं गेलं. तेव्हापासून एमकेव्ही. मध्येच बंद पडलं तरी तिथपर्यंतचं शाबूत राहतं, मग ओबीएसमध्येच फाईल मेनूत रीमक्स करून (व्हिडिओ तोच, फक्त फाईलचा प्रकार बदलून) एमपी४ करायची, एक मिनिटही लागत नाही, क्वालिटी तीच राहते.

वऱ्हाडी_गेमर:
एमकेव्ही केलं. काल रात्री टेबलावर, वह्या लावून सलग ५० मिनिटं रेकॉर्ड केलं, तापमान ८६ च्या वर गेलं नाही, स्टॅट्समध्ये रेंडरिंग लॅग ०.२ टक्के. पहिला भाग आज कापायला घेतोय. काका, मिड लेन दादा, रात्रपाळी भाऊ, तुमच्या तिघांमुळे झालं हे. पंखा शनिवारी साफ करून आणतो, मग तापमान परत टाकतो इथे.